तिसरं घर

माझा बाप आयुष्यभर एकच शब्द बोलला. ‘बरं.’

गिरणी बंद पडली, मुकादमानं सांगितलं उद्यापासून येऊ नका. बाबा म्हणाले, बरं. मग साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर लागले. सोळा वर्षांनी मालक म्हणाला, धाकू, आता मशीन कॉम्प्युटरवर चालणार, तू गेटवर बस. बरं. आई म्हणाली आज पण दुधीच आहे. बरं. लहानपणी मला वाटायचं, काय शांत माणूस आहे! मोठी झाले तसा राग यायला लागला. अहो, माणसानं कधीतरी नाही म्हणावं की नाही? भांडं आपटून बघितलं, दार आपटून बघितलं. बाबा पेपरातून मान वर काढायचे आणि परत खाली घालायचे.

वर्षातून एका दिवशी मात्र ह्याच माणसाचा आवाज हॉलच्या पत्र्याला जाऊन भिडायचा.

आम्ही घाडी. आमच्या वाडीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराचा. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलायचं: हे बघ बाबा, ह्याचं हे अडलंय, त्याचं ते अडलंय, मार्गी लाव. आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या पुरुषांनी एका सुरात म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ वाडीतली एकोणीस घरं पोटासाठी मुंबईला आली आणि घाटकोपर, असल्फा, विक्रोळी, मुलुंड अशी पांगली. पण दर वर्षी माघातल्या एका रविवारी घाटकोपरच्या शाळेचा हॉल घेऊन मंडळाची पूजा होते, आणि तिथं नारळ हातात घेऊन धाकू घाडी उभे राहतात. एकाहत्तर वर्षांचे आहेत. पन्नास वर्षं तेच उभे राहतायत.

मी श्वेता, त्यांची मुलगी. वय तेहतीस, साकीनाक्याला एका पॅकिंगच्या कंपनीत ऑफिसचं बघते आणि बाहेरून बी.ए. करते. विषय समाजशास्त्र. सोपा आहे म्हणून घेतला, खोटं कशाला बोलू! रविवारी आमचं लेक्चर असतं. प्रांजल मॅडमनी दिवाळीनंतर प्रोजेक्ट दिला: तुमच्या स्वतःच्या समूहातली एक प्रथा घ्या आणि तिचे नियम लिहून काढा. कोणी म्हणालं, मॅडम, नियम कुठे लिहिलेले असतात? मॅडम म्हणाल्या, “नाही लिहिलेले, हीच तर गंमत आहे. नियम असताना दिसत नाही. कोणी मोडला की दिसतो.”

मी म्हटलं, झकास, आपला बाप घरातच आहे. बाबांना समोर बसवून गाऱ्हाण्याचे नियम उतरवून घेतले. घाडी जन्मानं होतो, शिकून होत नाही. वहीत लिहिलं: अर्पित दर्जा. घरांचा क्रम मानाचा आहे, ठरलेला, कागदावर कुठेच नाही, फक्त बाबांच्या डोक्यात. पूजेच्या आधी प्रत्येक घरचा माणूस बाबांना आपलं मागणं सांगून ठेवतो. मग पहिलं घर, दुसरं, तिसरं, असं एकेक घ्यायचं. पहिलं ‘व्हय’ मंडळाच्या अध्यक्षाचं, त्याच्यामागून बाकीच्यांचं. आणि एका घराचं ‘व्हय’ आल्याशिवाय पुढचं घर घ्यायचं नाही.

“घेतलं तर?” मी विचारलं.

“घेवचा नाय,” बाबा म्हणाले. “सगळा बाटता. मगे वर्षभर कोणाचाच मागणा पोचत नाय.”

हे पण लिहून घेतलं. आठ पानं झाली. मी खूश होते, कारण मोडलेला नियम शोधायला मला लांब जायचं नव्हतं. आमच्यापासून तीन दारं सोडून राहत होता.

त्या दारात दोन बायका राहतात, सासू आणि सून. सून शेवंतीकाकी, पन्नाशीला टेकलेली. सासू सरूबाई, चौऱ्याऐंशीची, सगळ्यांची सरूआजी. शेवंतीकाकीचे यजमान राजारामकाका म्हणजे बाबांचे दोस्त. वीस वर्षांनी लहान, पण असल्फ्याच्या आमच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी ह्या दोघांची बैठक, एक बोलायचा आणि एक ‘बरं’ म्हणायचा. गेल्या जूनमध्ये राजारामकाका चहा पिता पिता गेले. मूलबाळ नाही.

प्रेत उचलायच्या आधी आमच्यातल्या चारपाच बायका रीतीप्रमाणे शेवंतीकाकीच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. माझी आईपण होती त्यात. काकीनं हात मागे घेतले. आणि खाटेवरची सरूआजी, जी धड उठून मोरीपर्यंत जात नव्हती, ती उठून सुनेच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. स्वतःचं मनगट सगळ्यांना दाखवलं.

“माझी फोडल्यानी तेव्हा राजाराम दोन वर्षांचो होतो. काच घुसली ती हयसर. पन्नास वर्षां झाली, वण जावक नाय. आता हिची कोण फोडता ता बघतंय मी!”

कोणाची हिंमत झाली नाही. काकीच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. कुंकूही राहिलं. गणपतीत आरतीला ती कुंकू लावून आली आणि मग मंडळाचे अध्यक्ष रामचंद्रकाका म्हणाले, बस झालं. आज एक रीत मोडली, उद्या दुसरी मोडेल, मग आपण एकोणीस घरं म्हणजे कोण? बिल्डिंगीतली माणसं? ठरलं. त्या घरी कोणी जायचं नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिथल्या बऱ्यावाईटाला उभं राहायचं नाही. कागदावर एक अक्षर नाही. रामचंद्रकाका शहाणे आहेत, असल्या गोष्टींवर कायदा आहे हे त्यांना ठाऊक आहे.

मलाही ठाऊक होतं. मी तावातावानं काकीकडे गेले आणि म्हटलं, तक्रार करू, मी येते बरोबर. सरूआजी खाटेवरून बोलली.

“गो चेडवा, पोलीस माका खांदो देवक येतले?”

झालं. तक्रार तिथंच राहिली. आजीला दुसरं काही नको होतं. दिवाळीच्या आसपास समोरच्या गल्लीत एक म्हातारा वारला, त्याला न्यायला ड्रायव्हर धरून चार माणसं होती. आजीनं ते खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं: आपल्या वाडीची माणसं न येता मी जायची नाही. खायची कमी, झोपायची कमी, आणि आल्यागेल्याला विचारायची, माझ्या वेळेक कोण येतला? आल्यागेल्याला म्हणजे कोणाला, तर दूधवाल्याला. कारण आमच्यातलं कोणी जात नव्हतं.

आणि मी? त्या दिवसानंतर मीही गेले नाही. आई म्हणाली, आपल्यालाही बाहेर काढतील, तुझं लग्न व्हायचंय. मी दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरायला लागले. बापाला ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून भांडी आपटणारी मी, मला साधं तीन दारं ओलांडून जाता येईना. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

पूजेच्या दोन दिवस आधी रामचंद्रकाका आमच्याकडे आले. चहा झाला. काकांनी कपाच्या कडेवरून बाबांकडे बघितलं.

“धाकू, यंदा अठरा घरां म्हण. तिसरा सोड.”

तिसरं घर म्हणजे राजारामकाकांचं. आता शेवंतीकाकीचं. गाऱ्हाण्यातून घर गेलं की ते घर संपलं, कायमचं. पुढच्या वर्षी परत घेता येत नाही, हेही माझ्या आठ पानांत होतं. म्हणजे सरूआजी कोणाच्याही खांद्याशिवाय जाणार, हे चहाच्या कपावर ठरत होतं.

बाबा म्हणाले, “बरं.”

माझ्या हातातली बशी फुटायची राहिली. पण त्याच्यापुढे जे झालं त्यानं मी बशी खाली ठेवली. रामचंद्रकाका बाबांच्या कानाशी वाकले, स्वतःच्या घरचं मागणं सांगायला. त्यांची सून दिपाली, विकीची बायको, हॉस्पिटलात होती. सातवा महिना, प्रेशर उतरत नव्हतं. सोमवारपर्यंत बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. मग काय करायचं ते ठरवू, एकाला तरी वाचवायचं बघू.

“माझा घर नीट सांग रे धाकू,” काका म्हणाले. “काय एक राहू देव नको.” एवढा सहा फुटी माणूस, शर्टाच्या बाहीला डोळे पुसत पायऱ्या उतरून गेला.

ते गेल्यावर मी बाबांवर सुटले. काय काय बोलले! म्हटलं, राजारामकाका तुमचे कोण होते? रोज संध्याकाळी कोणाबरोबर बसत होता? म्हटलं, तुम्ही दोन माणसं आहात बाबा, एक मंडळाचा घाडी आणि एक त्यांचा दोस्त, आणि दोघांना दोन वेगळी कामं आलीयत. आमच्या पुस्तकात ह्याला भूमिका संघर्ष म्हणतात.

बाबांनी चष्मा काढला. “मगे फुडे काय लिवलाहा पुस्तकात? माणूस काय करता?”

“ते नाही लिहिलेलं.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

रविवारी सकाळी अकराला हॉल भरला. पुढे सतरंजीवर पुरुष, मागे खुर्च्यांवर आम्ही बायका. बायकांनी ‘व्हय’ म्हणायचं नसतं. शेवंतीकाकी अर्थातच नव्हती, तिला बोलावणंच नव्हतं. माझ्या मांडीवर वही होती. विकी भिंतीला टेकून मोबाइलकडे बघत होता, हॉस्पिटलातून मेसेज येईल म्हणून. चार रात्री झोपला नव्हता पोरगा, दाढी वाढलेली.

बाबा उठले. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात नारळ. डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! पिंपळाखालच्या राखणदारा! आज मुंबयच्या जमनीर तुझी एकुणीस घरां हात जोडून उभी हत म्हाराजा!”

‘एकोणीस’ ऐकून काही माना वर झाल्या. पण ती सुरुवातीची ठरलेली ओळ आहे, सवयीनं तोंडातून गेली असेल असं वाटलं असणार. रामचंद्रकाका म्हणाले, “व्हय म्हाराजा!” आणि मागून सगळा हॉल.

पहिलं घर झालं. पोराला नोकरी लागू दे. व्हय म्हाराजा. दुसरं घर झालं. कोर्टातली केस सुटू दे. व्हय म्हाराजा.

बाबांनी श्वास घेतला.

“आणि म्हाराजा, तिसरा घर! राजारामाचा! त्या घरात दोन बायको माणसां हत. म्हातारी वाटेक लागली हा. तिका तुझ्या एकुणीस घरांचो खांदो गावांदे. सुनेच्या हातात काकणां हत, ती तशीच रवांदेत. चुकला काय असात ता पोटात घाल, आणि ह्या घर आपल्या पंक्तीत ठेव म्हाराजा!”

‘व्हय’ आलं नाही.

रामचंद्रकाकांचा चेहरा लालबुंद. “धाकू,” ते हळू म्हणाले, “फुडे चल.”

बाबा हलले नाहीत. डोळे मिटलेले, नारळ छातीशी.

“धाकू, काय बोललंय? फुडला घर घे!”

पुढलं घर. चौथं. मानाच्या क्रमात तिसऱ्यानंतर येतं ते चौथं घर रामचंद्रकाकांचं, हे मला त्या क्षणी आठवलं. दिपालीचं मागणं तिथं होतं. आणि तिसऱ्याचं ‘व्हय’ आल्याशिवाय चौथं घ्यायचं नाही. त्याच्यामागे अजून पंधरा घरं रांगेत, कोणाची व्हिसाची मागणी, कोणाच्या लेकीचं लग्न, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन. सगळी शेवंतीकाकीच्या मागे अडकून पडली होती.

बाबांनी एकही नियम मोडला नव्हता. पाळत होते, अक्षरशः पाळत होते.

“दुसऱ्या कोणाक तरी उभो करा!” मागून एक जण ओरडला. “कोणाक? घाडी एकच हा,” दुसऱ्यानं त्याला दाबलं. लवू नावाचे एक जुने गृहस्थ, अकरावं घर, उठून उभे राहिले आणि परत बसले. त्यांच्या तोंडातून ‘व्हय’ येता येता राहिलं असं मला वाटलं, पण पहिलं अध्यक्षाचं. अध्यक्षाच्या आधी कोण बोलणार?

मी बोलायला हवं होतं. वहीत सगळं लिहिलेली मी. बाईनं बोलायचं नसतं, हा पण एक नियमच, मोडला की दिसला असता. तोंड उघडलं मी, खरंच उघडलं. आणि परत मिटलं. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, सोललेला नारळ धरून पाच मिनिटं उभा, आणि मी खुर्चीला खिळलेली.

रामचंद्रकाका उठून बाबांच्या पुढ्यात गेले. वाटलं, आता नारळ हिसकावणार.

“माझी सून मरता थय,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. “आणि तू माका अडवतंस?”

बाबांचे मिटलेले डोळे वाहत होते. बाप असा रडलेला मी कधी बघितला नव्हता, राजारामकाका गेले तेव्हाही नाही. पण तोंड उघडलं नाही त्यांनी. त्यांनी त्या माणसाच्या काळजावर पाय ठेवला होता आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटली त्यांची.

“पप्पा.” भिंतीजवळून विकी पुढे आला. “पप्पा, बोला ना.”

“तू गप ऱ्हव.”

“काय गप? बांगड्या त्यांच्या हातात आहेत यार, आपलं काय जातंय? दिपालीच्या हातात पण आहेत. उद्या मला काही झालं तर तुम्ही तिच्या फोडणार? बोला ना पप्पा!”

रामचंद्रकाकांनी पोराकडे बघितलं. मग सतरंजीकडे बघून काहीतरी पुटपुटले.

तिसऱ्या घरानंतर बाबा पहिल्यांदा बोलले. “देवाक ऐकाक येवक नाय.”

“व्हय म्हाराजा!” रामचंद्रकाका ओरडले. घसा फोडून ओरडले. आणि त्यांच्यामागून अख्खा हॉल असा उठला की खिडकीवरची कबुतरं उडाली. मागच्या खुर्च्यांवर आईनं पदर तोंडाशी धरला होता आणि पदराच्या आत तिचे ओठ हलत होते. मी पाहिलं.

त्याच दमात बाबांनी चौथं घर घेतलं. दिपालीचं नाव घेतलं, बाळाचं घेतलं, विकीचं घेतलं. पन्नास वर्षांत कुठल्या घराला त्यांनी एवढा वेळ दिला नसेल. मग पाचवं, सहावं, असं एकोणिसाव्यापर्यंत. नारळ फोडला आणि टॉवेल सोडून खाली बसले ते कोणी हात दिल्याशिवाय उठता येईना.

पूजेला न आलेल्या घरी प्रसाद अध्यक्षानं स्वतः न्यायचा, ही रीत माझ्या वहीतून सुटली होती. दुपारी दीड वाजता रामचंद्रकाका प्रसादाचा द्रोण घेऊन आमच्या पायऱ्या चढले. मागे बाबा, त्यांच्या मागे मी, ह्या वेळी नेहमीच्या बाजूनं.

शेवंतीकाकीनं दार उघडलं. पाच महिन्यांनी तिच्या दारात आपल्यातली माणसं उभी होती. तिला काय करावं ते सुचेना. मी “काकी” म्हटलं. तिनं माझ्या गालाला हात लावला, बस, तेवढंच, आणि आत जाऊन तांब्याभांडं घेऊन आली. पाणी काकांच्या पुढे धरलं. हातातल्या बांगड्या वाजल्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, भांडं घेतलं, आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले.

“कोण तो?” खाटेवरून सरूआजी.

“मी रामचंद्र, काकी. परसाद हाडलंय.”

आजीनं मान वळवायला वेळ घेतला. “तुझी सून कशी असा?”

“आजून तशीच.”

“होतली बरी. बस.” मग जरा थांबून, “आणि माझ्या वेळेक? किती घरां?”

रामचंद्रकाकांनी बाबांकडे बघितलं. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

“एकुणीस, काकी,” काका म्हणाले.

आजीनं डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोपली. काकी पांघरूण सारखं करायला वाकली तर म्हातारीनं तिचं मनगट धरलं, बांगड्यांसकट.

“मगे माका आता घाई नाय,” ती म्हणाली. “गो शेवंती, भूक लागली हा. तो परसाद हाड.”